टॉनिक मारूनही आंबा का गळतो? खानापूर ते अथणी पट्ट्यातल्या बागांसाठी

फाल्गुन लागला की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, बेळगाव, हुक्केरीकडच्या आंबा बागायतदारांची दरवर्षी एकच तक्रार असते. मोहर भरभरून आला, फळ वाटाण्याएवढं धरलं, मग चार दिवस ऊन तापलं, कोरडा वारा सुटला आणि झाडाखाली सडा पडला. धावपळ करून दुकानातून समुद्री शेवाळाची बाटली आणली, मारली, तरी गळ थांबली नाही. अथणी, कागवाडकडे हेच डाळिंबाच्या फुलांचं होतं. मग गावात दोन तट पडतात. एक म्हणतो टॉनिक म्हणजे शुद्ध फसवणूक, दुसरा म्हणतो डोस कमी पडला, अजून एक फवारा घ्या.

दोन्ही तट चुकतात असं माझं मत आहे. बाटली बहुतेक वेळा उशिरा उघडलेली असते आणि मुळाशी पाणी नसतं, हे खरं कारण. जैवउत्तेजक, म्हणजे आपण सगळे ज्याला टॉनिक म्हणतो, ते खतही नाही आणि रोगावरचं औषधही नाही. येणारा ताण सोसायला ते झाडाला तयार करतं, आणि त्या तयारीला काही दिवस जातात. ऊन डोक्यावर आल्यावर, मुळं कोरडी असताना मारलेला फवारा वाया जातो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आधी गळलेलं फळ हातात घ्या

बाटली आणण्याआधी दहा मिनिटं झाडाखाली बसा आणि मूठभर गळलेली फळं नीट बघा. देठाच्या सांध्यापाशी फळ स्वच्छ सुटलंय, साल थोडी पिवळट आणि सुरकुतलेली आहे, डाग नाही, तर तो पाण्याचा किंवा उष्णतेचा ताण. फळावर, देठावर काळे खोलगट डाग असतील तर करपा. पांढरी पावडर दिसली तर भुरी. पानं चिकट लागतात, वर काजळी धरली आहे, फांदी हलवली की तुडतुडे उडतात, तर दुखणं तुडतुड्यांचं आहे. मोहराच्या शेंड्याला गर्द हिरव्या बारीक फळांचा घोसच्या घोस लटकलाय, फळं वाढत नाहीत आणि पुढे गळतात, त्याला झुमका म्हणतात. तिथे परागीकरणच झालेलं नसतं. मोहर फुललेला असताना कीटकनाशकांचे फवारे घेतले की मधमाश्या आणि माश्या जातात, मग हे हमखास दिसतं. ताण सोडून वरच्या कुठल्याही दुखण्यावर टॉनिकचा उपयोग नाही. त्यावर पैसे घालू नका.

मग पानं बघा. दुपारी मान टाकलेली पानं सकाळी परत ताठ होत असतील तर झाड उन्हाशी झगडतंय, मुळं मात्र धड आहेत. सकाळीही पानं मलूल असतील तर मुळाशी काहीतरी बिघडलंय. पानांच्या कडा आणि शेंडे करपल्यासारखे तपकिरी असतील तर पाण्यातल्या क्षारांचा संशय घ्या.

आणि एक खड्डा काढा. हे कुणी करत नाही, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा सांगतो. झाडाच्या छत्रीची सावली जिथे संपते तिथे कुदळीने फूटभर खोल माती काढायची. बुंध्याजवळ नाही, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तिथे फारशी नसतात. वरची चार बोटं माती भुकटीसारखी असली तरी चालेल, खालची मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर ओल बरी आहे. मुठीतून सुटून पडली तर झाड कोरड्यात उभं आहे. आता मातीतली बारीक मुळं बघा. फिकट, लवचिक, टोकं ताजी असतील तर जिवंत आहेत. काळी पडलीत, ओढली की साल हातात येते आणि आतली शीर तेवढी उरते, कुजका वास येतो, तर मूळकूज. या झाडाला पानांवर काहीही मारून उपयोग नाही.

झाडाच्या अंगात काय चालतं

गळ पूर्ण थांबवायची नसते, हेही लक्षात असू द्या. आंब्याच्या हजार फुलांमागे एखाददुसरंच फळ शेवटपर्यंत टिकतं. बाकीची झाड आपणहून सोडतं. नेहमीपेक्षा जास्त आणि उशिरा, म्हणजे गोटीएवढी, अंड्याएवढी फळं गळू लागली की मग काळजी करायची.

ऊन चढलं आणि हवा कोरडी झाली की पानांतून जाणारं पाणी मुळांनी ओढलेल्या पाण्यापेक्षा जास्त होतं. झाड पानांची रंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण अन्न तयार होणंही मंदावतं. त्यातच झाडात ॲब्सिसिक आम्ल आणि इथिलीन ही संप्रेरकं वाढतात, देठाच्या सांध्यावर पेशींचा एक थर सैल होतो आणि फळ सुटतं. ज्या फळातली कोय कमजोर, ते आधी सुटतं. हा थर एकदा सैल झाला की जगातला कुठलाही फवारा तो परत जोडत नाही. म्हणूनच गळ दिसायला लागल्यावर मारलेला फवारा ती गळ थांबवू शकत नाही, झालाच तर पुढच्या गळीवर थोडाफार उपयोग होतो.

समुद्री शेवाळाच्या अर्कात बीटेन, मॅनिटॉल, अल्जिनेट असे घटक असतात. त्यांनी झाडाची स्वतःची संरक्षक यंत्रणा जागी होते. पेशींतलं पाणी धरून ठेवणारी प्रोलीनसारखी द्रव्यं वाढतात, उन्हाने होणारी आतली जाळपोळ आवरणारी अँटिऑक्सिडंट वाढतात. हे व्हायला झाडाला वेळ हवा आणि अंगात पाणीही हवं. ऊन वाढणार असल्याचं तीन-चार दिवस आधी कळलं तर फवारा कामाला येतो. हवामान खात्याचं मेघदूत ॲप फोनमध्ये असू द्या, त्यात जिल्हानिहाय पाच दिवसांचा अंदाज मिळतो.

पाणी आणि आच्छादन

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची हापूससाठी शिफारस आहे: फळ वाटाण्याएवढं झालं की दर १५ दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर पाणी, असं तीन-चार वेळा, आणि काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद. आपल्याकडची हवा कोकणापेक्षा कोरडी. खानापूर, कित्तूरच्या मुरमाड, तांबड्या जमिनीत ओल टिकत नाही, म्हणून तिथे तेवढंच पाणी दोन हप्त्यांत विभागून आठवड्याने दिलं तर जास्त बरं. पाणी छत्रीच्या कडेला आळ्यात सोडायचं, बुंध्यात नाही. फार दिवस कोरड्यात राहिलेल्या झाडाला एकदम टँकरभर पाणी देऊ नका. त्या धक्क्यानेही फळं गळतात, आणि डाळिंबात तर तडकतात. पहिलं पाणी हलकं, दुसरं पुरेसं. वाटाणा आणि गोटी अवस्थेत एक टक्का पोटॅशियम नायट्रेटचा फवारा हीही तिथलीच शिफारस आहे. ते खत आहे, टॉनिक नाही, पण या वेळी उपयोगी पडतं.

आच्छादनाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. निपाणी, चिकोडी, रायबागकडे ऊस तुटला की पाचट पेटवून देतात. तिथून थोड्याच अंतरावर एखादा आंबेवाला उघड्या तापल्या जमिनीवर झाडं उभी करून टॉनिकवर हजारो रुपये घालत असतो. ते पाचट, खानापूरकडे भाताचं पिंजर, नाहीतर बागेतलाच वाळलेला पालापाचोळा, आळ्यात चार ते सहा इंच जाड पसरा. जमीन थंड राहते, ओल टिकते, वरच्या थरातली बारीक मुळं भाजत नाहीत. जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेने हापूसमध्ये साका, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष, वाढतो, तोही कमी होतो. बुंध्याभोवती फूटभर जागा मोकळी ठेवा, कारण आपल्या तांबड्या मातीत वाळवी फार. टॉनिक आणि आच्छादन यांतलं एकच परवडत असेल तर डोळे मिटून आच्छादन करा.

कोणतं टॉनिक, कधी

समुद्री शेवाळाचे फवारे: पहिला मोहराचे तुरे बाहेर पडताना, फुलं उमलण्याआधी. दुसरा फळ वाटाण्याएवढं असताना. तिसरा गोटी अवस्थेत, ऊन वाढायच्या आधी. मोहर पूर्ण फुललेला असताना काहीही मारू नका. मात्रा लेबलवर असेल तीच, द्रवरूप अर्काची ती साधारण लिटरला दोन-तीन मिली असते. दुप्पट टाकून दुप्पट फायदा होत नाही, उलट कडा भाजतात. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर मारा. आंब्याच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला असतात, म्हणून नोझल खालून वर धरा. नुसत्या वरून मारलेल्या फवाऱ्यातलं बरंचसं ओघळून जातं.

बाटली परवडत नसेल तर शेवग्याचा पाला आहे. शेवग्याच्या कोवळ्या पानांत झिअॅटिन नावाचं वाढीचं द्रव्य नैसर्गिकरीत्या भरपूर असतं. कोवळे शेंडे थोडं पाणी घालून ठेचायचे, फडक्यातून पिळून रस काढायचा, आणि १०० लिटर पाण्यात ३ लिटर या प्रमाणात त्याच दिवशी फवारायचा. शिळा रस निकामी. बहुतेक मळ्यांच्या बांधावर शेवगा असतोच, फक्त त्याचा पाला जनावरांपुढे जातो.

ह्युमिक आम्ल पानांवर मारण्यापेक्षा जमिनीत द्यावं. मुळांची वाढ आणि हलक्या जमिनीची अन्न धरून ठेवण्याची ताकद, दोन्हींना त्याची मदत होते. पावसाळा संपताना, जमिनीत ओल असताना एकदा, आणि फळ धरल्यावर पहिल्या पाण्याबरोबर एकदा. बाजारातलं पोटॅशियम ह्युमेट अल्कधर्मी असतं. ते कॅल्शियम नायट्रेटबरोबर किंवा फॉस्फोरिक आम्लासारख्या आम्लधर्मी खताबरोबर टाकीत घातलं की गाळ बसतो आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात.

मायकोरायझा ही माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट आहे. ही बुरशी मुळात घर करते आणि आपले तंतू मातीत दूरवर पसरवते. जिथे झाडाचं मूळ पोचत नाही तिथलं स्फुरद आणि पाणी ती आणून देते. कोरडवाहू बागेत हाच खरा आधार. पण ती मुळाला चिकटली तरच जगते, म्हणून नवीन लागवडीत खड्ड्यातच, रोपाच्या मुळांना लागेल अशी टाका. मोठ्या झाडाला जूनमध्ये छत्रीच्या कडेने चर काढून शेणखतातून द्या. त्या चरात सुपर फॉस्फेट ओतलं किंवा बुरशीनाशकाचं पाणी सोडलं तर बुरशी टिकत नाही.

जीवामृत बरेच जण करतात, त्यामुळे थोडक्यात. २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी एक-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळा, आठवड्याच्या आत वापरून टाका. गूळ काळा, बिनरसायनाचा घ्या. संकेश्वर, मुडलगीच्या गुऱ्हाळांत सांगून ठेवलं तर मिळतो. ठिबकमधून द्यायचं असेल तर दोनपदरी फडक्यातून गाळा. हे ओल्या जमिनीतच द्यायचं. तापलेल्या कोरड्या मातीत ओतलेले जिवाणू मरतात.

एका काळात मात्र हात आवरा. ऑक्टोबर ते डिसेंबर आंब्याला पाण्याचा ताण आणि विश्रांती हवी असते. तेव्हा पाणी, नत्र, जीवामृत यांचा मारा केला की मोहराऐवजी पालवी फुटते. आणि ज्यांनी कल्टार (मोहर यावा म्हणून दिलं जाणारं वाढरोधक, पॅक्लोब्युट्राझोल) दिलंय त्यांनी उन्हाळ्यात पाणी आणि शेणखत यांत कसूर करू नये. कल्टारच्या झाडावर फळांचा बोजा जास्त असतो, म्हणून ताणाचा फटकाही त्यालाच जास्त.

डाळिंबात कोवळी फळं उन्हाने भाजत असतील तर केओलिन या पांढऱ्या चिकणमातीचा ५ टक्के फवारा, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. पांढरा थर बसतो, ऊन परावर्तित होतं. खानापूरची माती कुंभारकामाला नावाजलेली आहे म्हणून तीच कालवून मारू नका. फवाऱ्याचा केओलिन बारीक आणि शुद्ध केलेला मिळतो, तोच घ्या.

काय कशात मिसळू नये

अमिनो आम्लाचं टॉनिक आणि तांब्याचं बुरशीनाशक एका टाकीत घालू नका. बोर्डो असो वा कॉपर ऑक्सिक्लोराइड, अमिनो आम्लाबरोबर तांबं पानात जास्त शिरतं आणि कोवळी पानं, फळं भाजतात. दोन फवाऱ्यांत आठवडाभराचं अंतर ठेवा. ट्रायकोडर्मासारखी उपयोगी बुरशी किंवा जिवंत जिवाणू असतील तर त्याच दिवशी रासायनिक बुरशीनाशक नको. एका पंपात चार बाटल्या ओतायची सवय सोडा. त्यात कशाने काय झालं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

खारं पाणी आणि साचलेलं पाणी

अथणी, रायबाग, कागवाडकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कृष्णाकाठच्या काळ्या, जास्त पाणी पिणाऱ्या जमिनींत उन्हाळ्यात पांढरा थर वर येतो. इथे आंबा आणि लिंबू लवकर हार खातात, डाळिंब आणि चिकू बरेच तग धरतात, म्हणून लागवड करतानाच हे बघायला हवं. ह्युमिक, शेवाळ यांनी थोडा आधार मिळतो, पण क्षार जमिनीतच राहतात. त्यासाठी चर काढून निचरा आणि जमीन चोपण (सोडियमने घट्ट झालेली, पाणी न जिरवणारी) झाली असेल तर जिप्सम. जिप्सम किती, हे माती तपासल्याशिवाय ठरवू नका. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात, मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात विचारा. माती नेताना विहिरीचं, बोअरचं पाणीही बाटलीत न्या.

खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी, कणकुंबीकडे उलटं. तिथे पावसाळ्यात माती आठवडेच्या आठवडे पाण्याने भरलेली असते, मुळांना हवा मिळत नाही आणि कूज लागते. त्या झाडाचा फटका मार्चमध्ये दिसतो, कारण अर्धी मुळं जुलैतच गेलेली असतात. म्हणून पावसाआधी उताराच्या दिशेने चर मोकळे करा, बुंध्याभोवती माती चढवून पाणी बाहेर काढा. साचलेल्या पाण्यात जीवामृत ओतू नका, उरलीसुरली हवा तेच जिवाणू खातात. पाणी ओसरल्यावर, वाफसा आल्यावर ट्रायकोडर्मा द्या. त्यासाठी किलोभर ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर करून सावलीत १० ते १५ दिवस झाकून ठेवा, आणि मग छत्रीखाली पसरा.

बाटली घेताना

केंद्र सरकारने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये दुरुस्ती करून जैवउत्तेजकांना नियमाखाली आणलं. समुद्री शेवाळ आणि वनस्पती अर्क, अमिनो आम्लं, ह्युमिक आणि फुल्विक आम्लं, जीवनसत्त्वं, जिवाणूजन्य पदार्थ असे त्याचे गट आहेत. लेबलवर काय आणि किती टक्के आहे, कोणत्या पिकासाठी, किती मात्रेत, तारीख काय, हे स्पष्ट हवं. ‘जादुई’, ‘सर्व पिकांसाठी’, ‘१०० टक्के हमी’ एवढंच लिहिलेली बाटली परत ठेवा. लेबल कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतं म्हणून न वाचता घेऊ नका. घरातल्या शाळकरी मुलाला फोटो पाठवा, तो वाचून दाखवेल. आणि पक्कं बिल मागा.

आपल्या बागेत उपयोग होतो का

जमीन, जात, झाडाचं वय, पाणी यांवर जैवउत्तेजकाचा गुण बदलतो. शेजाऱ्याला फरक पडला म्हणून तुम्हाला पडेलच असं नाही. एकाच ओळीतली, सारख्या वयाची, सारखं पाणी मिळणारी काही झाडं निवडा. निम्म्यांवर फवारा घ्या, निम्म्यांवर त्याच दिवशी साधं पाणी मारा. फांद्यांना रंगीत चिंध्या बांधून ठेवा. प्रत्येक झाडाखाली एका बाजूला जुनं लुगडं पसरा, रोज सकाळी त्यावरची फळं मोजून वहीत लिहा. महिनाभराने दोन्हींचे आकडे समोरासमोर ठेवले की पुढच्या वर्षी पैसे कुठे घालायचे ते कुणाला विचारावं लागणार नाही.

अवंदा आधीच पानं करपली असतील, फळं गळत असतील, तर क्रम असा ठेवा. आज संध्याकाळी हलकं पाणी आणि लगेच आच्छादन. तीन दिवसांनी पुरेसं पाणी. पानं सकाळी ताठ दिसू लागली की मग शेवाळाचा किंवा शेवग्याचा फवारा, नेहमीच्या निम्म्या मात्रेत. करपलेली पानं तोडू नका, त्यांची सावलीही फळांना लागते. फांद्यांची छाटणी काढणी झाल्यावर करा.